जॉन बॉइड डनलॉप

जॉन बॉइड डनलॉप (५ फेब्रुवारी १८४०, ड्रेगहॉर्न, स्कॉटलंड – २३ ऑक्टोबर १९२१, डब्लिन, आयर्लंड) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले पशुवैद्य व संशोधक होते. हवा भरलेला रबरी टायर व्यवहारात प्रथम यशस्वी करून दाखवल्याबद्दल ते ओळखले जातात. १८८७ साली त्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी असा टायर तयार केला आणि पुढील वर्षी त्याचे एकस्व अर्थात पेटंट मिळवले. हीच कल्पना आधी दुसऱ्याच्या नावावर नोंदली गेल्याचे उघड झाल्याने ते एकस्व टिकले नाही. डनलॉप यांचे नाव धारण करणारी कंपनी जगभर पसरली, परंतु तिच्या कारभारातून ते लवकरच बाहेर पडले. आयुष्याच्या अखेरीस स्वतःच्या प्रतिमेच्या वापरावरून त्याच कंपनीविरुद्ध न्यायालयात जाण्याची वेळ त्यांच्यावर आली.

डनलॉप यांच्या टायरमध्ये वाहनाचा भार मुख्यतः कोंडलेल्या हवेवर पेलला जातो. त्यामुळे हवेचा दाब योग्य राखणे हे टायरच्या वापराचे अविभाज्य अंग बनले. आधुनिक मोटारींतील टायर-दाबाचा सूचना दिवा हे याच गरजेचे आजचे रूप होय.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

डनलॉप यांचा जन्म स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. आपण अपुऱ्या दिवसांचे जन्मलो असल्याने आपली प्रकृती नाजूक आहे, अशी समजूत त्यांच्या मनात लहानपणापासून होती आणि ते प्रकृतीला जपून वागत. प्रत्यक्षात त्यांना ८१ वर्षांचे आयुष्य लाभले.

पशुवैद्यकाचे शिक्षण त्यांनी एडिंबरा येथील विल्यम डिक यांच्या पशुवैद्यक महाविद्यालयात घेतले. त्यानंतर सुमारे दशकभर स्कॉटलंडमध्ये व्यवसाय करून १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. प्रथम डाउनपॅट्रिक आणि नंतर बेलफास्ट येथे त्यांनी काम केले. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी होती.

पशुवैद्यकीय व्यवसाय

एकोणिसाव्या शतकातील शहरी वाहतूक घोड्यांवर अवलंबून होती. मालगाड्या, भाड्याच्या बग्ग्या आणि ट्रामगाड्या ओढणाऱ्या घोड्यांची संख्या मोठी असल्याने पशुवैद्यांना भरपूर काम असे. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बेलफास्टमधील डनलॉप यांचा व्यवसाय आयर्लंडमधील मोठ्या पशुवैद्यकीय व्यवसायांपैकी एक झाला होता.

व्यवसायासाठी लागणारी लहानसहान साधने ते स्वतः तयार करीत आणि त्यांत रबराचाही वापर करीत. रबराचे पत्रे कापणे, रबराच्या द्रावणाने ते चिकटवणे आणि त्यांवर कापड बसवणे ही कामे त्यांना अवगत होती. त्यांनी यंत्रशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते. पुढील प्रयोगात हा हाताचा अनुभव त्यांच्या उपयोगी पडला.

तत्कालीन चाके व रस्ते

त्या काळी गाड्यांच्या लाकडी चाकांवर लोखंडी धाव चढवलेली असे. सायकलींच्या चाकांना भरीव रबराची पट्टी बसवत. बेलफास्टमधील अनेक रस्ते दगडी फरसबंदीचे होते. अशा रस्त्यावर भरीव रबराचे चाक प्रत्येक दगडाचा धक्का थेट बैठकीपर्यंत पोहोचवी. चाक उंचवट्यावर आदळले की गाडी क्षणभर वर उचलली जाई आणि चालवणाऱ्याने लावलेल्या शक्तीचा काही भाग त्या उसळण्यातच खर्ची पडे. त्यामुळे धक्के कमी होणे आणि वेग वाढणे या दोन गोष्टी एकाच उपायाने साधण्यासारख्या होत्या.

तीनचाकी सायकलीवरील प्रयोग

डनलॉप यांच्या लहान मुलाकडे तीनचाकी सायकल होती. खडबडीत रस्त्यांवर ती चालवणे सुखकर व्हावे आणि तिचा वेगही वाढावा, या हेतूने डनलॉप यांनी ऑक्टोबर १८८७ मध्ये प्रयोग सुरू केले. रबराच्या पातळ पत्र्याची नळी तयार करून ती त्यांनी लाकडी चकतीच्या कडेवर कापडाच्या पट्टीने बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. या पहिल्या नळीला आजच्यासारखी झडप नव्हती. फुटबॉलच्या फुग्याप्रमाणे तिचे तोंड बांधून टाकलेले होते.

नंतर त्यांनी ही चकती आणि सायकलीचे मूळ चाक अंगणात पाठोपाठ घरंगळत सोडले. भरीव रबराचे चाक वाटेतच थांबून कलंडले. हवा भरलेली चकती मात्र अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळली व उसळून मागे आली. सारख्याच जोराने ढकललेल्या दोन चाकांतील हा फरक स्पष्ट होता. हवेच्या टायरमुळे बसणाऱ्याला आराम मिळतो, त्याचबरोबर चाकाला होणारा विरोधही घटतो, हे त्यातून दिसून आले.

त्यानंतर डनलॉप यांनी तीनचाकीच्या मागील दोन चाकांना असे टायर बसवले. फेब्रुवारी १८८८ च्या अखेरीस मुलाने ती सायकल रस्त्यावर चालवून पाहिली. पुढील टप्प्यात मोठ्या दुचाकी सायकलीसाठी टायर तयार करण्यात आले. या टायरमध्ये आत हवेची रबरी नळी, तिच्याभोवती नळीला फुगून फुटू न देणारे कापडाचे वेष्टन आणि रस्त्याशी घासणारा जाड रबराचा बाह्य थर अशी रचना होती. नळी, कापड आणि रबर यांची ही त्रिस्तरीय कल्पना पुढील टायरांमध्ये अनेक रूपांनी टिकून राहिली.

एकस्व

२३ जुलै १८८८ रोजी डनलॉप यांनी एकस्वासाठी अर्ज केला. दुचाकी व तीनचाकी सायकली आणि रस्त्यावरील इतर गाड्या यांच्या चाकांच्या टायरमधील सुधारणा, असे या अर्जाच्या विषयाचे स्वरूप होते. ७ डिसेंबर १८८८ रोजी एकस्व मंजूर झाले.

हा टायर दिसायला जाडजूड असल्याने सुरुवातीस त्याची चेष्टाच झाली. त्याच्या उपयोगाविषयीची शंका दूर झाली ती सायकलींच्या शर्यतींमध्ये. बेलफास्टमधील सायकलपटू विल्यम ह्यूम यांनी हवेचे टायर बसवलेली सायकल घेऊन १८ मे १८८९ रोजी तेथील क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत भाग घेतला आणि आपल्या सर्व शर्यती जिंकल्या. पुढे इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथेही त्यांनी यश मिळवले. ह्यूम त्या काळातील सर्वांत नामवंत सायकलपटू नव्हते. त्यामुळे विजयाचे श्रेय टायरला असल्याचे प्रेक्षकांच्या व इतर स्पर्धकांच्या लक्षात आले. थोड्याच काळात भरीव रबराचे टायर शर्यतींच्या मैदानातून मागे पडले.

कंपनीची स्थापना

या यशाकडे डब्लिनमधील कागदाचे व्यापारी हार्वी ड्यू क्रो यांचे लक्ष गेले. ते आयर्लंडमधील सायकल संघटनेचे प्रमुख होते आणि त्यांचे मुलगेही सायकल शर्यतींत भाग घेत. ड्यू क्रो यांच्या पुढाकाराने १८८९ मध्ये डब्लिन येथे टायर तयार करणारी कंपनी स्थापन झाली. डनलॉप यांनी आपले एकस्वाचे हक्क काही रोख रक्कम व थोडे भागभांडवल यांच्या मोबदल्यात कंपनीला दिले. कंपनीच्या कारभाराची सूत्रे ड्यू क्रो यांच्याकडे होती.

रबर व त्याच्या द्रावणाच्या वासाबद्दल डब्लिनमध्ये तक्रारी झाल्यावर उत्पादनाचे काम इंग्लंडमध्ये हलवण्यात आले. सायकल उद्योगाचे केंद्र असलेले कॉव्हेंट्री आणि पुढे बर्मिंगहॅम ही शहरे कंपनीच्या विस्ताराची ठिकाणे ठरली. १८९२ मध्ये डनलॉप कुटुंबासह बेलफास्ट सोडून डब्लिनला राहण्यास गेले.

रॉबर्ट विल्यम थॉमसन यांचा पूर्वाधिकार

कंपनी सुरू झाल्यानंतर लवकरच डनलॉप यांच्या एकस्वाची वैधता धोक्यात आली. स्कॉटलंडमधीलच अभियंते रॉबर्ट विल्यम थॉमसन (१८२२–१८७३) यांनी १८४५ मध्ये, म्हणजे डनलॉप यांच्या ४० हून अधिक वर्षे आधी, हवा भरलेल्या चाकाचे एकस्व घेतले होते. थॉमसन यांच्या चाकात रबर लावलेल्या कापडाची नळी व तिच्यावर चामड्याचे आवरण होते. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांवर त्यांची चाचणीही झाली होती.

थॉमसन यांची कल्पना मागे पडण्याची कारणे त्यांच्या काळात होती. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली होती, परंतु पातळ व भरवशाचे रबर अजून महाग आणि दुर्मीळ होते. साध्या सायकलीचा प्रसार झालेला नव्हता आणि मोटार अस्तित्वात नव्हती. घोडागाडीच्या मालकाला महागड्या चाकाची निकड वाटत नव्हती. थॉमसन पुढे वाफेवर चालणाऱ्या रस्तागाड्यांकडे वळले आणि त्यांना त्यांनी भरीव रबराचे टायर बसवले. १८७० च्या दशकात अशा काही गाड्या आर. ई. बी. क्रॉम्प्टन यांच्या देखरेखीखाली भारतातही चालवण्यात आल्या. क्रॉम्प्टन ग्रीव्ह्‌ज या कंपनीच्या नावातील क्रॉम्प्टन ते हेच.

डनलॉप यांना थॉमसन यांच्या कामाची माहिती नव्हती आणि त्यांनी आपला टायर स्वतंत्रपणे तयार केला होता. तथापि एकस्वाच्या कायद्यात कल्पना आधी कोणी नोंदवली याला महत्त्व असते. त्यामुळे १८९० च्या सुमारास डनलॉप यांच्या मूळ एकस्वाचे संरक्षण संपुष्टात आले. आज या दोघांपैकी थॉमसन यांना हवेच्या टायरचे आद्य संशोधक आणि डनलॉप यांना तो व्यवहारात रुजवणारे संशोधक मानले जाते.

पूरक शोध

मूळ एकस्व गेल्यावरही कंपनी टिकली, कारण ड्यू क्रो यांनी इतरांच्या पूरक शोधांचे हक्क मिळवले. डनलॉप यांचा आरंभीचा टायर चाकाच्या कडीला कायमचा चिकटवलेला असे. पंक्चर झाल्यास तो सोडवून पुन्हा बसवणे हे अनेक तासांचे काम होते. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी काठात न ताणणारी तार असलेला टायर व त्याला साजेशी खोलगट कडी यांचे एकस्व घेतले. त्याच वर्षी विल्यम बार्टलेट यांनी टायरचा काठ कडीच्या वळलेल्या ओठात अडकवण्याची रीत नोंदवली. या दोन रीतींमुळे टायर काढणे व बसवणे सोपे झाले. फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये सायकलीसाठी सुटा करता येणारा टायर तयार केला आणि १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली.

तितकीच महत्त्वाची सुधारणा झडपेची होती. १८९१ मध्ये आलेल्या वुड्स झडपेत धातूच्या बारीक नळीला बाजूने छिद्र असते व त्यावर रबराची लवचीक नळी चढवलेली असते. पंपाच्या दाबाने रबर किंचित बाजूला सरकून हवा आत जाते आणि आतील हवेच्या दाबाने ते रबर छिद्रावर घट्ट बसते. भारतातील साध्या सायकलींमध्ये आजही हीच झडप वापरली जाते आणि तिच्यावरील रबरी नळी सायकल दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळते. अनेक देशांत या झडपेला डनलॉप झडप म्हणतात, मात्र ती डनलॉप यांनी शोधलेली नाही.

वुड्स झडपेची एक मर्यादा अशी की तिच्यातून आतील हवेचा दाब सरळ मोजता येत नाही. त्यामुळे सायकलस्वार अंगठ्याने टायर दाबूनच हवेचा अंदाज घेतात. अमेरिकेतील ऑगस्ट श्रेडर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झडपेत मधोमध स्प्रिंगची पिन असते. ती दाबताच हवा मोकळी होते, म्हणून तेथे दाबमापक लावता येतो. मोटारी व मोटारसायकलींत हीच झडप रूढ झाली.

कंपनीपासून फारकत

१८९० च्या दशकाच्या मध्यास डनलॉप कंपनीच्या कारभारातून बाहेर पडले. १८९६ मध्ये अर्नेस्ट टेरा हूली या वित्तव्यवहार करणाऱ्या गृहस्थाने ही कंपनी सुमारे ३० लाख पौंडांना विकत घेऊन लगेचच सुमारे ५० लाख पौंडांच्या भांडवलाने बाजारात आणली. सायकलींची लाट त्या वेळी ऐन भरात होती. या उलाढालीतील नफ्याच्या तुलनेत टायर घडवणाऱ्या डनलॉप यांच्या वाट्याला अल्प रक्कम आली. हूली स्वतः १८९८ मध्ये दिवाळखोर झाले.

कंपनीचा विस्तार मात्र चालू राहिला. १९०० च्या सुमारास तिने मोटारींचे टायर तयार करण्यास सुरुवात केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात बर्मिंगहॅमजवळ फोर्ट डनलॉप हा तिचा प्रचंड कारखाना उभा राहिला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही कंपनी वेगळ्या कारणाने परिचित आहे. टायरची किंमत ठरावीक दरापेक्षा कमी करू नये, या अटीवरून तिने सेल्फ्रिज व न्यू गॅरेज या विक्रेत्यांविरुद्ध दावे केले होते. १९१४-१५ मधील या दोन निवाड्यांचा उल्लेख भारतातील करार कायद्याच्या अभ्यासक्रमातही होतो. पहिला निवाडा करारातील पक्षांबाहेरच्या व्यक्तीच्या हक्कांविषयी आणि दुसरा पूर्वनिश्चित नुकसानभरपाई व दंड यांतील फरकाविषयी आहे. या खटल्यांशी स्वतः डनलॉप यांचा संबंध नव्हता.

उत्तरायुष्य व प्रतिमेचा वाद

कंपनी सोडल्यानंतर डनलॉप डब्लिनमध्येच राहिले आणि तेथील एका कापड व्यवसायात त्यांनी लक्ष घातले. त्यांची दाढीधारी मुद्रा कंपनीने व्यापारचिन्ह म्हणून वापरावी, यास त्यांनी पूर्वी संमती दिली होती. पुढे कंपनीच्या जाहिरातींतील चित्रकाराने ही मुद्रा एका उंच, छानछोकीच्या पोशाखातील पुरुषाच्या धडावर बसवली. उंच टोपी, पांढरा जाकीट, हातात छडी आणि डोळ्याला एकभिंगी चष्मा अशा वेषात हा पुरुष जाहिरातींत दिसू लागला. साधी राहणी असलेल्या डनलॉप यांना हे चित्रण अवमानकारक वाटले.

हा प्रकार थांबवण्यासाठी त्यांनी आयर्लंडच्या न्यायालयात दावा दाखल केला. कंपनीचे कार्यालय इंग्लंडमध्ये असल्याने आयर्लंडमधील न्यायालयाला तिच्यावर समन्स बजावता येईल काय, हा प्रश्न लंडनमधील हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. तेथे तो डनलॉप यांच्या बाजूने सुटला. तोवर त्यांनी वयाची ऐंशी वर्षे गाठली होती. आपले नाव जगभर नेणाऱ्या कंपनीने त्या नावासोबत आपले रूपही मनाप्रमाणे बदलू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे डनलॉप यांचे निधन झाले. शहराजवळील डीन्सग्रेंज दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. हवेच्या टायरच्या इतिहासावर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाले.

हवेच्या दाबाचे महत्त्व

हवेच्या टायरमध्ये रबर व कापड यांचे मुख्य काम हवा कोंडून ठेवण्याचे असते. उदाहरणार्थ, एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार असून टायरमध्ये प्रति चौरस इंच ३२ पौंड, म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे २.२५ किलोग्रॅम दाब असेल, तर टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारणपणे १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तळहाताएवढा असतो. दाब कमी झाला की हा भाग वाढतो, टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात आणि त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. इंधन जास्त लागते, टायरच्या कडा लवकर झिजतात आणि वेगात टायर फुटण्याचा धोका वाढतो. दाब प्रमाणाबाहेर जास्त असल्यास टायर मधोमध झिजतो व त्याची पकड कमी होते.

टायर चांगल्या स्थितीत असला तरी त्यातून दरमहा थोडी हवा कमी होतेच. चालत्या गाडीत टायर तापतो व दाब वाढतो. म्हणून दाब मोजताना टायर थंड असावा लागतो. मुंबई–गोवा महामार्गाने दिवसभर धावून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ किंवा महामार्गालगतच्या पिंगुळीपर्यंत आलेल्या मोटारीच्या तापलेल्या टायरमध्ये ३२ पौंड दाब भरला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये तो २८ पौंडांच्या आसपास आढळू शकतो. अशा वेळी टायरला छिद्र नसतानाही हवा कमी असते.

दाबाचा सूचना दिवा

दाब आपोआप ओळखून चालकाला सूचना देणारी प्रणाली १९८६ च्या पोर्शे ९५९ या मोटारीत प्रथम आढळते. अमेरिकेत टायरच्या दोषांमुळे झालेल्या अपघातांनंतर २००० मध्ये कायदा करण्यात आला आणि २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांत ही प्रणाली अनिवार्य झाली. तेथील नियमानुसार दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के घसरल्यावर दिवा लागणे आवश्यक आहे. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना हे बंधन लागू झाले. भारतात जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, ही प्रणाली व पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या ठरावीक प्रवासी मोटारींना जादा चाकाच्या अटीतून सूट मिळाली.

ही प्रणाली दोन प्रकारची असते. प्रत्यक्ष प्रकारात प्रत्येक चाकाच्या झडपेशी एक संवेदक जोडलेला असतो व तो आतील दाब रेडिओ लहरींद्वारे कळवतो. अप्रत्यक्ष प्रकारात चाकात संवेदक नसतो. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, त्यामुळे ते इतर चाकांपेक्षा थोडे जलद फिरते. चाके अडकू न देणाऱ्या ब्रेक प्रणालीचे वेगसंवेदक हा फरक ओळखतात.

दोन्ही प्रकारांत चालकासमोर टायरच्या आडव्या छेदाच्या आकारात उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागतो. दिवा लागल्यावर प्रथम चारही टायरचा दाब मोजून तो चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिलेल्या आकड्याइतका करावा लागतो. प्रत्यक्ष प्रकारात त्यानंतर काही मिनिटे गाडी चालवल्यावर बहुधा दिवा आपोआप मालवतो. अप्रत्यक्ष प्रकारात योग्य दाब भरल्याची नोंद प्रणालीला करून द्यावी लागते. त्यासाठी गाडी थांबवून, चावी चालू स्थितीत ठेवून, ठरावीक बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबतात किंवा पडद्यावरील यादीतून ही क्रिया निवडतात. त्यानंतर गाडी काही अंतर चालत असताना प्रणाली चाकांची नवी गती मूळ माप म्हणून साठवते. टायर किंवा चाकांची जागा बदलल्यावरही ही क्रिया पुन्हा करावी लागते.

हवा न भरताच बटण दाबल्यास अप्रत्यक्ष प्रणाली कमी दाबालाच योग्य दाब समजते. दिवा विझतो, पण धोका कायम राहतो आणि पुढील सूचना उशिरा मिळते. गाडी सुरू करताच दिवा मिनिटभर लुकलुकून नंतर स्थिर राहत असेल, तर सामान्यतः प्रणालीतच बिघाड असतो. संवेदकातील बॅटरी संपणे हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे.

भारतातील प्रसार

भारतात डनलॉप कंपनीने पश्चिम बंगालमधील हुगळी जिल्ह्यात साहागंज येथे १९३६ मध्ये टायरचा कारखाना सुरू केला. तो देशातील आरंभीच्या टायर कारखान्यांपैकी एक होता. कालांतराने तो बंद पडला. मुंबईत शिवडी येथे फायरस्टोनचा आणि भांडुप येथे सिएटचा टायर कारखाना उभा राहिला. सिएटचे भारतातील काम १९५८ पासूनचे आहे.

मोटारींबरोबरच बैलगाड्यांनाही हवेचे टायर बसवण्यात आले. लोखंडी धाव असलेल्या चाकांपेक्षा टायरच्या गाडीत बैल अधिक भार ओढू शकतात आणि डांबरी रस्त्यांची हानीही कमी होते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या परिसरात ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या हे त्याचे परिचित उदाहरण आहे. उत्तर भारतात अशा गाडीला डनलप असेच म्हणतात. रबराच्या फेसापासून केलेल्या गाद्यांमुळेही हे नाव मराठी घरांत रूढ झाले. त्या गाद्या कंपनीचे उत्पादन होत्या आणि जॉन डनलॉप यांच्या संशोधनाशी त्यांचा संबंध नाही.

स्मृती

डनलॉप यांनी तयार केलेला आरंभीचा सायकल टायर एडिंबरा येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन करण्यात आला आहे. उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेच्या १० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापण्यात आले. २००५ मध्ये अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. १९८० च्या दशकात मूळ ब्रिटिश कंपनीचे विभाजन होऊन डनलॉप या व्यापारनामाचे हक्क वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. टायर, खेळाचे साहित्य व इतर अनेक वस्तूंवर हे नाव आजही आढळते.